सकाळी सव्वासातची बादली : एका भाजण्याच्या घटनेचा पंचनामा

आधी सांगतो की मी डॉक्टर नाही. नाशिकला सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सेफ्टी बघतो, म्हणजे कोणाचं बोट प्रेसमध्ये आलं, कोणी शिडीवरून पडलं की त्याचा तपास करून रिपोर्ट लिहायचा हे माझं काम. खालची घटना कारखान्यातली नाही, आमच्याच एका ऑपरेटरच्या घरातली आहे. गेल्या जानेवारीत त्याची १६ महिन्यांची मुलगी अंघोळीच्या गरम पाण्याने भाजली. त्याच्या आणि वहिनींच्या परवानगीने लिहितोय, ओळख पटू नये म्हणून एखाददुसरा तपशील बदललाय. मुलीला छोटी म्हणू आणि तिच्या ६ वर्षांच्या भावाला दादा.

लिहायचं कारण असं की दवाखान्यात भेटायला आलेल्या प्रत्येकाने या घटनेचं कारण एका वाक्यात सांगून टाकलं, "आईचं लक्ष नव्हतं." आणि विषय संपला. आमच्याकडे एखाद्या सुपरवायझरने अपघाताच्या फॉर्मवर कारण म्हणून "कामगाराचं लक्ष नव्हतं" एवढंच लिहिलं तर तो फॉर्म परत जातो. तोच फॉर्म घरच्या अपघाताला लावला तर काय दिसतं ते बघायचं होतं.

घर कसं आहे

सिडको भागात भाड्याच्या दोन खोल्या. पुढची खोली, मागे किचन, दोन्हीच्या मध्ये अडीच फूट रुंदीचा बोळ आणि बोळाच्या टोकाला बाथरूम. बाथरूममध्ये प्लग नाही. जुन्या घरांत नसतोच आणि ओल्या जागी कोणीही आणि कसाही बसवलेला प्लग असण्यापेक्षा नसलेला बरा. त्यामुळे पाणी तापवायचा रॉड बोळातल्या बोर्डाला लागतो आणि बादली बोळात जमिनीवर असते. आजी, आई, बाबा, दादा, छोटी अशी पाच माणसं. गिझर नाही, कारण भाड्याचं घर आणि मालक म्हणतो लोड झेपणार नाही.

नाशिकची जानेवारीतली सकाळ माहीत असेल तर सांगायला नको, पारा दहाच्या खाली जातो आणि टाकीतलं पाणी हाताला चावतं. सकाळच्या तीन अंघोळी, एक रॉड, एक बादली. बाबांची शिफ्ट ७ ची म्हणून तो सव्वासहालाच बसला गेलेला. दादाची शाळेची रिक्षा साडेसातला.

काय घडलं

वहिनींना नीट विचारून, आजींना वेगळं विचारून जुळवलेली वेळ अशी. ६ वाजून १० मिनिटांनी रॉड लावला. मग दादाचा डबा, पोळ्या, छोटी उठली, तिला दूध. रॉड काढायचा राहून गेला, ७ वाजून ५ मिनिटांनी आठवण झाली. वहिनींनी आधी स्विच बंद केला, प्लग काढला, मग रॉड बाहेर काढून खुंटीला अडकवला. हे सगळं अगदी बरोबर केलं, मुद्दाम नोंदवतोय कारण नंतर "निष्काळजी" हा शब्द फार वेळा ऐकला.

भरलेली बादली १५ लिटरची, म्हणजे १५ किलो, ती उकळत्या पाण्यासकट उचलून न्यायची नाही एवढी अक्कल त्यांना होती. म्हणून मगाने अर्ध्याहून जास्त पाणी बाथरूममधल्या दुसऱ्या बादलीत घेतलं, त्यात गार मिसळून दादाला अंघोळीला बसवलं. उरलेलं पाच-सहा लिटर आजींसाठी तिथेच बोळात ठेवलं आणि त्यात मग तरंगत राहिला. तेवढ्यात गॅसवरचं दूध वर आलं. किचन तिथून चार पावलं. आजी पुढच्या खोलीत अंथरुणं काढत होत्या आणि छोटी त्यांच्यामागे होती, असं दोघींनाही वाटत होतं. ती बोळात आली, बादलीचा काठ धरला, मगाकडे हात केला आणि बादली तिच्या अंगावर कलंडली. सव्वासात झाले असतील.

पोट बेंबीखाली, दोन्ही मांड्या आणि उजव्या पावलाचा वरचा भाग. अंगात स्वेटर, लोकरीची पँट, आत डायपर.

नंतरची दहा मिनिटं

वहिनींनी उचलून थेट बाथरूमच्या नळाखाली धरलं. सगळ्या प्रकरणातली सगळ्यात चांगली गोष्ट ही. पण पँट तशीच राहिली, दोन-तीन मिनिटांनी शेजारच्या ताई धावत आल्या त्यांनी ओढून काढली, आणि डायपर तर रिक्षात बसल्यावर काढला. लोकर आणि डायपर दोन्ही गरम पाणी धरून ठेवतात, म्हणजे बादली कलंडून संपली तरी भाजणं चालूच राहतं. त्यातच वरच्या मजल्यावरून कोणीतरी आलं आणि "गार पाणी घालू नका, फोड येतील, पोरीला न्यूमोनिया होईल" म्हणालं. नळ बंद झाला आणि मांडीवर टूथपेस्ट फासली गेली.

हे नीट लिहून ठेवतो कारण इथे गोंधळ फार आहे. भाजल्यावर नळाचं साधं वाहतं पाणी २० मिनिटं घालायचं. दोन नाही, पाच नाही, वीस. फोड पाण्याने येत नाहीत, भाजल्याने येतात. अपघातानंतर तीन तासांच्या आत केलं तरी फायदा होतो, म्हणजे वाटेत राहून गेलं असेल तर दवाखान्यात पोचल्यावरही विचारायला हरकत नाही. बर्फ नको, त्याने कातडीचं आणखी नुकसान होतं. लहान बाळ पटकन गारठतं ही भीती मात्र खरी आहे, म्हणून पाणी फक्त भाजलेल्या भागावर आणि बाकीचं अंग टॉवेलात गुंडाळलेलं, आणि मूल थरथरायला लागलं तर थांबायचं. कपडे, डायपर, हातातलं कडं, पायातले वाळे आधी काढायचे, पण कापड चिकटलं असेल तर तेवढं सोडून भोवतीचं कापायचं. मग स्वच्छ सुती कापड किंवा किचनमधली पारदर्शक प्लॅस्टिक फिल्म सैलसर झाकून दवाखाना. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, किसलेला बटाटा यातलं काहीही नको, एक तर जंतुसंसर्ग होतो आणि दुसरं म्हणजे जखम किती खोल आहे ते बघायला डॉक्टरांना ते सगळं खरवडून काढावं लागतं. छोटीची टूथपेस्ट काढताना ती ज्या आवाजात रडली तो आजींनी मला सांगितला तेव्हा त्यांचेच डोळे भरले, कारण डबी त्यांनीच आणून दिली होती.

दवाखान्यात

आधी जवळचा क्लिनिकवाला, त्याने बघून लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे डॉक्टरांनी भाजण्याचं प्रमाण १२ टक्के काढलं. मुलाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे त्याच्या शरीराचा साधारण १ टक्का, असा एक सोपा हिशोब असतो. मोठ्या माणसाला १२ टक्के ऐकायला कमी वाटेल पण लहान मुलांत १० टक्क्यांच्या वर गेलं की सलाईन लावून पाण्याचं प्रमाण सांभाळावं लागतं, नाहीतर मूल शॉकमध्ये जाऊ शकतं, म्हणजे रक्तदाब एकदम घसरतो.

मग पोलिस. भाजलेली केस आली की दवाखाना मेडिकोलीगल (म्हणजे कायद्याच्या तपासासाठीची) नोंद करतो आणि पोलिस जबाब घ्यायला येतात. हे सगळीकडेच होतं, पण वहिनींना कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे वर्दी बघून त्या हादरल्या, त्यांना वाटलं आपल्याला पकडणार. डॉक्टरांनीही "नेमकं कसं झालं" हे तीनदा विचारलं. त्यामागे कारण असतं. मूल मुद्दाम गरम पाण्यात बुडवलं असेल तर पायांवर मोजा घातल्यासारखी सरळ रेष दिसते आणि बादली अंगावर कलंडली तर ओघळांच्या वेड्यावाकड्या खुणा असतात, आणि सांगितलेली गोष्ट खुणांशी जुळते का हे बघणं त्यांचं कामच आहे. एका वाक्यात एवढं समजावलं असतं तर त्या बाईची ती रात्र थोडी बरी गेली असती.

पोट आणि डावी मांडी दोन आठवड्यांत भरून आली. उजव्या मांडीचा एक पट्टा तीन आठवडे झाले तरी भरेना, तिथे दुसरीकडची कातडी काढून लावावी लागली. मग व्रण जाड होऊ नये म्हणून घट्ट पट्ट्याची चड्डी, अंघोळ आणि मालिश सोडून दिवसभर, कित्येक महिने. उन्हाळ्यात, नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये, दीड-पावणेदोन वर्षांच्या पोरीला. पावलाच्या वरच्या भागाची कातडी आखडू नये म्हणून व्यायाम अजून चालू आहेत. पैशाचा आकडा लिहीत नाही, पण ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, असूनही घर हलतं एवढं खरं.

आता तपास

टोयोटाच्या कारखान्यांतून आलेली एक साधी पद्धत आहे, "का" विचारत जायचं, पहिल्या उत्तरावर थांबायचं नाही. छोटी का भाजली? बादली कलंडली. का कलंडली? कारण ती अर्धी रिकामी होती. हे मला सुचलं नव्हतं, मोजल्यावर कळलं. १५ लिटर भरलेली बादली साडेनऊ किलोच्या पोरीला हलत नाही, पाच-सहा लिटरवाली तिच्या लोंबकळण्याने सहज येते. (भरलेली बादली सेफ असंही नाही, त्यात मूल डोक्यावर पडतं. या वयात डोकं जड आणि पाय हलके, वाकलं की तोल पुढे जातो आणि परत वर येता येत नाही, बादलीभर गार पाण्यातसुद्धा मुलं बुडून गेलेली आहेत.)

पाणी एवढं गरम का होतं? हा माझा आवडता भाग, इथे पेन-कागद घेऊन बसलो. रॉड १५०० वॉटचा, पाणी १५ लिटर, सुरुवातीला समजा १८ अंश. ४५ अंशांना यायला साधारण १९ मिनिटं लागतात. ७० ला यायला ३६ मिनिटं. वाफेतून आणि बादलीतून जाणारी उष्णता सोडून दिली तर ५५ मिनिटांत पाणी जवळजवळ उकळीला येतं, आणि रॉड ५५ मिनिटं चालू होता. ती उष्णता धरून आणि नंतरची दहा मिनिटं धरूनही छोटीच्या अंगावर आलं ते पाणी ७५ च्या पुढेच असणार. आता त्याचा अर्थ काय ते बघा. १९४७ मध्ये अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी किती तापमानाला किती वेळात कातडी जळते हे मोजलं होतं, आजही तेच आकडे वापरतात. मोठ्या माणसाची कातडी ४९ अंशांना खोलवर भाजायला पाच ते दहा मिनिटं लागतात, ६० ला साधारण पाच सेकंद, ७० ला सेकंदभर. लहान मुलाची कातडी पातळ, त्याला त्याहून कमी. म्हणजे ४९ च्या पाण्यात हात गेला तर मूल रडेल, तुम्ही किचनमधून याल, उचलाल आणि फार काही झालेलं नसेल. ७५ ला तुम्ही शेजारी उभे असलात तरी उशीर झालेला असतो.

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपण म्हणतो "लक्ष ठेवायला हवं होतं", पण सेकंदाच्या आत जे होतं त्याच्यावर लक्ष ठेवून काय होणार? पाणी काही दूध नाही की उतू जायच्या आधी वर येताना दिसेल.

बरं, मग पाणी ७० च्या वर तापवायचंच का? घरातल्या बायकांना विचारा, उत्तर तयार आहे. एकदा कडकडीत तापवलं की त्यात गार मिसळून एका बादलीत दोन-अडीच अंघोळी निघतात. हिशोब बरोबर आहे, ७० अंशांच्या १५ लिटरमध्ये १८ अंशांचं पाणी घालत ४० वर आणलं तर ३५ लिटर होतं. रॉड एकच, वेळ कमी, माणसं तीन. रॉडला थर्मोस्टॅट नसतो, तो स्वतःहून थांबत नाही, त्यामुळे थांबवायची जबाबदारी पोळ्या लाटणाऱ्या माणसावर. कारखान्यात एखादं हीटिंग कॉईल असं उघडं, ऑटो कट-ऑफशिवाय, येण्याजाण्याच्या रस्त्यात जमिनीवर ठेवलं तर मी ते त्या मिनिटाला बंद करीन आणि माझा मॅनेजर मला काही बोलणार नाही. घरात तीच वस्तू आपण दुकानातून आणतो आणि वर बाईला सांगतो जपून वापर.

पुढचा "का" मला जरा लागला. छोटी बादलीकडे गेलीच का? वहिनी म्हणाल्या, संध्याकाळी तिला याच बादलीत कोमट पाणी घेऊन बोळाच्या तोंडाशीच बसवतो, मगाने पाणी उडवते, फार आवडतं तिला. तीच बादली, तोच निळा मग, तीच जागा. १६ महिन्यांच्या पोरीच्या हिशोबाने ते तिचं खेळणं होतं आणि ते सकाळीच मिळालं. वाफ म्हणजे गरम हे तिला कुठून कळणार. "हा हा, गरम" असं सांगून ठेवलं होतं पण ते गॅसबद्दल.

हॅडन नावाचे एक डॉक्टर होते, विल्यम हॅडन, १९६६ मध्ये अमेरिकेने रस्ते सुरक्षेसाठी नवीन सरकारी खातं काढलं त्याचे पहिले प्रमुख. त्यांचं म्हणणं असं की अपघात म्हणजे नशीब नाही, शरीराला झेपणार नाही एवढी ऊर्जा शरीरात शिरणं म्हणजे इजा, मग ती गाडीच्या धडकेची असो, विजेची असो की उष्णतेची. आणि ती अडवायच्या जागा अनेक असतात: ऊर्जा तयारच न करणं, कमी तयार करणं, मधे आडोसा घालणं, आणि झालंच तर नंतरचं नुकसान कमी करणं. या चष्म्यातून बघितलं की वहिनी एकदम चित्राच्या कोपऱ्यात जातात आणि मधोमध बादली येते.

आमच्या ट्रेनिंगमध्ये उपायांची उतरंड शिकवतात. सगळ्यात वर धोका मुळातूनच काढून टाकणं, मग त्याजागी कमी धोक्याची वस्तू, मग यंत्राला गार्ड, मग नियम आणि सूचना, आणि सगळ्यात खाली हातमोजे-हेल्मेट. "लक्ष ठेवा" ही सूचना आहे, म्हणजे खालून दुसरी पायरी. ती लागतेच, पण एकट्या तिच्यावर कोणी कारखाना चालवत नाही. ४ मार्चला सुरक्षा सप्ताह सुरू झाला की आमच्या गेटवर "घरी कोणीतरी तुमची वाट पाहत आहे" असा बोर्ड लागतो, पण जे वाट बघतात त्यांच्या घरी काय परिस्थिती आहे ते त्या आठवड्यातही कोणी विचारत नाही.

वरच्या पायरीवर काम केलं की काय होतं याचं एक जुनं उदाहरण याच विषयातलं आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात घरोघरच्या वॉटर हीटरचं पाणी फार कडक असायचं आणि नळाच्या गरम पाण्याने मुलं भाजून यायची. १९८३ मध्ये कायदा झाला की नवीन हीटर कंपनीतूनच ४९ अंशांवर सेट होऊन यायला हवा. पुढच्या काही वर्षांत तिथे नळाच्या पाण्याने भाजून दवाखान्यात दाखल होणाऱ्या मुलांची संख्या घटली. बटण कारखान्यात फिरलं, आयांना कोणी भाषण दिलं म्हणून नाही.

लक्ष ठेवणाऱ्या माणसाचं काय

सकाळी ६ ते साडेसात वहिनी एकट्या काय काय करत होत्या ते मोजलं तर आमच्या लाईनवर त्या कामाला दोन माणसं देतील. आजींना गुडघ्याचा त्रास, त्या छोटीच्या मागे पळू शकत नाहीत, आणि "आजी आहे ना" यावर दोघींनी भरवसा ठेवला. दोन जण बघतायत म्हणजे कोणीच बघत नाही, हे आमच्याकडे क्रेनखाली पण होतं.

बांगलादेशात मुलं तळ्यात बुडायची, जास्त करून सकाळी, आई कामात असताना. तिथे त्यांनी आयांना दोष देत बसण्याऐवजी गावात पाळणाघरं काढली, एका बाईच्या घरी सकाळी ९ ते १ पाच वर्षांखालची मुलं सांभाळायची. जी मुलं तिथे येत होती त्यांच्यात बुडून मरण्याचं प्रमाण ८० टक्क्यांहून जास्त कमी झालं. आपल्याकडे अंगणवाडीची शाळा तीन वर्षांच्या पुढच्यांना आणि तीही सकाळी सातला नसते. त्यामुळे या घरात माणूस वाढवता येणार नव्हता, वस्तूच बदलायला लागणार होत्या.

काय बदललं

छोटी घरी यायच्या आधी बाबा, मी आणि आमचा मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन, रविवारी जाऊन बसलो. पहिला विचार बादली उंच स्टुलावर ठेवायचा होता, तो लगेच खोडला, कारण स्टूल हललं तर पाणी डोक्यावर. रॉड बाथरूममध्ये न्यायचा आणि वायर दाराखालून, हे इलेक्ट्रिशियनने ऐकूनही घेतलं नाही, आणि बरोबर आहे. ज्यांच्याकडे रॉड आहे त्यांनी एवढं तरी पाळा की चालू रॉडच्या पाण्यात बोट घालून बघायचं नाही आणि लाईनवर ३० मिलीअँपचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच लाईन तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या.

लगेच झालेली गोष्ट म्हणजे मोबाईलवर २० मिनिटांचा अलार्म. रॉड लावला की अलार्म, वाजला की रॉड बंद, पाणी ४५ च्या आसपास. यात एका बादलीत जेमतेम दीड अंघोळ होते, म्हणून आजींची अंघोळ दुपारी उन्हं आल्यावर गेली. आजी आधी कुरकुरल्या कारण पूजा अंघोळीनंतर, मग पूजाही सरकली. दुसरी गोष्ट, बोळाच्या तोंडाशी अडीच फूट उंच प्लायवूडची फळी, खोबणीत वरून सरकवायची. कोकणात आणि घाटावरही जुन्या घरांत रांगत्या पोरासाठी उंबऱ्यात फळी आडवी लावायचेच, नवीन काहीच नाही, फक्त फ्लॅटमध्ये येताना आपण ती मागे ठेवून आलो. किचन आणि बोळ दोन्ही त्या एका फळीने बंद झाले, म्हणजे गॅस, मिक्सरची लोंबती वायर, गरम कुकर सगळंच पलीकडे. खर्च दोनशे-तीनशे रुपये, प्लाय भंगारातला होता.

तिसरी गोष्ट बाथरूममधली: बादलीत आधी गार पाणी, मग गरम. उलटं नाही. आधी गरम ओतून ठेवलं आणि फोन वाजला की तीच परिस्थिती पुन्हा तयार होते. मिसळल्यावर कोपराने बघायचं, हाताला रोजच्या कामाने गरम कळत नाही. छोटीची खेळायची बादली आता वेगळी, पिवळी, आणि तो निळा मग वहिनींनी फेकून दिला.

गिझरला वेळ लागला. मालकाचं म्हणणं लोड झेपणार नाही, ते तपासलं तर तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरला ३ किलोवॉट लागतात, म्हणजे १३ अँपियरच्या आसपास, जुन्या वायरिंगला खरंच जड. पण १० लिटरचा साठवणीचा गिझर २ किलोवॉटमध्ये येतो आणि त्याला थर्मोस्टॅटची खुंटी असते. बोर्डापासून वेगळी जाड वायर, १६ अँपियरचा पॉइंट, आरसीसीबी, सगळा खर्च भाडेकरूचा, असं म्हटल्यावर मालक तयार झाला. मार्चमध्ये बसला. खुंटी खालच्या बाजूला, नळाला येणारं पाणी मी थर्मामीटरने मोजलं, ४८. साठवलेलं पाणी फार कोमट ठेवलं तर त्यात जंतू वाढू शकतात म्हणून मोठ्या टाकीच्या गिझरला ६० वर ठेवून नळाजवळ मिसळणारा व्हॉल्व्ह लावायला सांगतात, पण रोज सकाळी पूर्ण रिकामा होणाऱ्या १० लिटरला आम्ही हाच मार्ग घेतला.

जाता जाता, ज्यांच्या सोसायटीत गच्चीवर सोलर आहे त्यांनी गाफील राहू नका. त्याला खुंटीच नसते, उन्हाळ्यात आणि कोणी वापरलं नाही त्या दिवशी पाणी ७० च्या पुढे सहज जातं, आणि नळ उघडल्यावर आधी पाइपातलं गार येतं म्हणून मुलाला नळाखाली उभं केलं की अर्ध्या मिनिटाने फटका बसतो.

राहिलेले मुद्दे

आमच्या रिपोर्टच्या शेवटी "ओपन पॉइंट" म्हणून रकाना असतो, जे अजून झालं नाही ते. इथे तीन आहेत. कॉलनीत याच पद्धतीने रॉड वापरणारी आणखी बरीच घरं आहेत, त्यातल्या लहान मुलं असलेल्या घरी वहिनी स्वतः जाऊन २० मिनिटांचा अलार्म लावून देतात, माझ्यापेक्षा त्यांचं लोक जास्त ऐकतात. दुसरा, नातेवाईकांपैकी दोघांनी अजून "लक्ष" हा शब्द सोडलेला नाही, त्यावर माझ्याकडे उपाय नाही, बाबाने मात्र एकाला तोंडावर गप्प केलं. तिसरा मुद्दा गावचा. दिवाळीला सगळे सिन्नरकडे जातात, तिथे अंगणात तांब्याचा बंब आहे, तोटी जमिनीपासून दीड फुटावर, बरोबर छोटीच्या हाताला येईल अशी, आणि आत निखारे असतात म्हणून बंबाचं अंगही तापलेलं. काकांना फोन करून बंबाभोवती तात्पुरती जाळी मारायला सांगितलंय, ते हो म्हणालेत, पण अजून मारलेली नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा विचारायचं आहे.